ग्रहण सुटल्याची बत्ती

मला कुणी एका जागी गप्प बस म्हणून सांगितलं की नेमके माझे पाय वळवळायला लागतात. आई म्हणायची, हिला बसवायचं तर पाटालाच बांधून ठेवावं लागेल. अशा बाईच्या पहिल्याच गरोदरपणात ग्रहण यावं, तेही भर श्रावणात, आणि ते तिने घाटात एकटीने पाळावं, हा नशिबाचा चावटपणाच म्हणायचा.

युद्धाची वर्षं होती. आमचे हे रेल्वेत सांधेवाले होते आणि ठाकूरवाडीच्या वरच्या अंगाला, घाटातल्या एका केबिनवर त्यांची नेमणूक झाली होती. घाट उतरताना एखाद्या गाडीचा ताबा सुटला तर तिला मुख्य रुळावरून वळवून चढणीच्या रुळावर घ्यायचं, म्हणजे ती आपसूक थांबते. गाडी अशी वळवणारा तो सांधा सांभाळायचं त्यांचं काम. गाडी येवो न येवो, पाळी संपेपर्यंत माणसाने जागा सोडायची नाही. मी लग्न होऊन तिथे गेले तेव्हा मला या कामाचा मोठा अभिमान वाटला होता. सहा महिन्यांत तो उतरला. जागा सोडायची नाही म्हणजे रात्रपाळीला नवरा समोर दिसतो पण हाकेला येत नाही, एवढंच त्याचं घरच्या भाषेत भाषांतर होतं.

दोन खोल्यांचं दगडी क्वार्टर. शेजारचं क्वार्टर होतं, पण शेजारीण पावसाळा लागताच गावी पळाली होती आणि तिचं बरोबरच होतं. पुढच्या खोलीच्या खिडकीतून डोंगराची कड आणि कडेला चिकटलेली केबिन दिसायची. मधे ओढा. उन्हाळ्यात तो उडी मारून ओलांडता यायचा, पण श्रावणात असा काही घोंघवायचा की केबिनमधून मारलेली हाक क्वार्टरपर्यंत पोचायचीच नाही. मागच्या खोलीत चूल आणि मागलं दार. त्या दाराबाहेर चार हात अंगण, आणि पुढे एकदम दरी आणि आभाळ.

बोलायला माणूस म्हणजे एक म्हातारी ठाकरीण. ती दोनेक दिवसांआड डोंगरावरच्या वाडीतून मोळी घेऊन यायची, कधी रानभाजी, कधी काकड्या. मोळी टाकून ती पाच मिनिटं टेकायची. त्या पाच मिनिटांसाठी मी चहा उकळून ठेवायचे. ती गेली की घरात पुन्हा पावसाचा आवाज आणि मी. मी मोठ्याने गाणी म्हणायचे, भांड्यांशी भांडायचे. एकदा तर मालगाडीच्या मागे लावलेल्या इंजिनाच्या माणसाला हात केला आणि त्याने शिट्टी दिली, तर दिवसभर बरं वाटलं होतं.

पाचवा महिना लागला होता तेव्हा दहिवलीहून माझे वडील आले. नारळीपौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्यांनी पिशवीतून तीन नारळ काढले, तांदूळ काढले, आणि शेवटी बंडीच्या खिशातून घडी केलेला कागद. पौर्णिमेच्या रात्री चंद्रग्रहण होतं. गावच्या भटजींनी पंचांग बघून लागण्याची आणि सुटण्याची वेळ लिहून दिली होती. साडेअकराला लागतं, अडीचला सुटतं.

वडील म्हणाले, "आभाळ मोकळं असलं तर चिठ्ठीची गरज नाय. पन श्रावनाचा काय भरवसा. घड्याळावर पाळ."

पाळायचं म्हणजे काय ते मला सांगायची गरज नव्हती. आमच्या आळीत माझ्याच वयाची एक मुलगी होती, तिचा वरचा ओठ मधोमध चिरलेला होता आणि आतून टाळूही फाटलेली होती. पाणी प्यायली की नाकातून यायचं. तिच्या आईने ग्रहणात भाजी चिरली, असं सगळा गाव म्हणायचा. कधी त्या आईच्या तोंडावरही म्हणायचा. पाणवठ्यावर ती आली की बायका आपसात बोलायच्या थांबायच्या, हंडा भरून ती गेली की पुन्हा सुरू. आज मला माहीत आहे की त्या ओठाचा आणि ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी मला ते नीट समजावून सांगितलं. पण तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, चौथीपर्यंत शिकलेली होते, आणि त्या बाईची खाली घातलेली मान मी रोज बघत वाढले होते.

माहेरी असते तर ग्रहण पाळणं सोपं होतं. दहिवलीत ग्रहण सुटल्याचं कुणाला विचारावं लागत नाही. आळीतून दान मागणाऱ्यांच्या आरोळ्या येत असतात, पुरुष उल्हास नदीवर अंघोळीला निघतात, घराघरांतून घागरी वाजतात. लहानपणी मी परातीत पाणी घालून त्यात ग्रहण बघायचे. चंद्र परातीत हलायचा आणि आजूबाजूची पोरं तो धरायला बोटं बुडवायची. इथे घाटात कोण ओरडणार आणि कोण सांगणार. घरात घड्याळ नव्हतं. घड्याळ केबिनमध्ये होतं.

तेव्हा यांनी तोड काढली. त्यांच्याकडे रेल्वेची हातबत्ती असायची, काच फिरवली की पांढऱ्याचा लाल, लालचा हिरवा. ती बत्ती केबिनच्या मागल्या बाजूने, रुळाकडून दिसणार नाही अशी, आमच्या खिडकीच्या रोखाने धरायची.

"लाल दिसला का बसायचं," हे म्हणाले, "हिरवा दिसला का उठायचं. मधी हलायचं नाय."

मी म्हटलं, मला पाटाला बांधून जा. ते हसले. ते फार हसणारे नव्हते, म्हणून लक्षात राहिलं.

दोन दिवस मी आभाळाकडे बघत होते. मला ते मोकळं हवं होतं. मला बघायचं तर नव्हतंच, पण यांना केबिनमधून चंद्र दिसला असता, खात्री झाली असती, आणि खरं सांगायचं तर कुणीतरी दुसरंही माणूस त्याच वेळी त्याच चंद्राकडे बघतंय एवढी सोबतसुद्धा मला पुरली असती. आभाळ काही ऐकेना. सकाळी जरा उघडायचं, की दुपारी ढग घाट चढून दारात यायचे. पौर्णिमेला संध्याकाळी हे पाळीवर निघाले तेव्हा समोरची केबिनसुद्धा धड दिसत नव्हती. मी सांजेलाच दोन घास खाऊन घेतले, पाण्याच्या हंड्यात तुळशीचं पान टाकलं आणि खिडकीशी बसले.

लाल बत्ती दिसली. मी पाटावर बसले, भिंतीला पाठ लावून, हात मांडीवर, डोळे खिडकीच्या त्या काळ्या चौकोनावर.

तीन तास म्हणजे किती, हे ज्याने पोटातल्या जिवासकट न हलता काढले त्यालाच ठाऊक. पायाला मुंग्या आल्या, त्या गेल्या, पुन्हा आल्या. पाठ भरून आली. एक डास कानाशी घोंघावत बसला आणि मी त्याला मनातल्या मनात सगळ्या शिव्या दिल्या. मुलाने एकदा आत हालचाल केली. मी त्याला म्हटलं, तू तरी गप्प बस. मग एकदम रडू यायला लागलं. इतक्या मोठ्या डोंगरात माझ्याशी हलून बोलणारं ते एकच होतं, आणि मी त्यालाही गप्प करत होते. डोळे पुसायला हात उचलायचा नव्हता, म्हणून तसंच वाहू दिलं.

हिरवी बत्ती दिसली तेव्हा मी अशी उठले की डोळ्यांपुढे अंधारी आली. खिडकीचं दार लावून घेतलं. मागच्या खोलीत जाऊन दोन तांबे गार पाणी अंगावर घेतलं, लुगडं बदललं, चूल पेटवली. भूक सणकून लागली होती. ठाकरणीने आणलेल्या काकड्या कोपऱ्यात होत्या. विळी घेतली, एक काकडी मधोमध उभी चिरली, तिला मीठ लावलं, आणि पाऊस थांबलाय असं वाटलं म्हणून खात खात मागल्या दारात आले.

वर ढग फाटले होते. दरीवरून वारा आला होता आणि इतके दिवस मी जे मागत होते ते मोकळं आभाळ माझ्या डोक्यावर उघडलं होतं. त्यात चंद्र होता. अर्ध्याहून जास्त खाल्लेला. काळपट तांबूस डाग त्याला धरून बसला होता आणि एका कडेला तेवढा उजेड उरला होता.

पहिल्यांदा मला वाटलं, पुन्हा लागलं की काय. मग वाटलं, मला भास होतोय. तोंडातला घास मी तसाच धरून होते. किती वेळ बघत राहिले सांगता येत नाही. बघायचं नाही हेसुद्धा बघून झाल्यावर आठवलं.

आत आले. हातातली काकडी चुलीत टाकली. विळी पाडून ठेवली. मग जिथे होते तिथेच, चुलीपुढच्या जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून बसले. पाट घ्यायलाही उठले नाही. चुलीतली लाकडं विझली, पाय गार पडले, मांडीखालची जमीन ओलसर होती ती लुगड्याला लागली. मी हलले नाही. आता हललं नाही तर निदान पुढचं तरी टळेल, असा काहीतरी हिशेब मी मनाशी घातला होता. फटीतून उजाडलेलं दिसलं तेव्हा उठले.

सकाळी हे आले. हातपाय धुतले, चहा घेतला. मला म्हणाले, बरी आहेस ना. मी म्हटलं, बरी आहे, अंघोळ करून लगेच झोपले, डोळाच उघडला नाही. ते म्हणाले, बरं केलंस, रात्रभर आभाळ गच्च होतं. मी मनात म्हटलं, देवाने लाज राखली, यांनी बघितलं नाही. मी नारळीभात केला. त्यांनी फारसा खाल्ला नाही आणि भिंतीकडे वळून झोपले.

ते झोपल्यावर मी वडिलांची चिठ्ठी काढली. अडीच. भटजींचं अक्षर स्वच्छ होतं. ती दहा वेळा वाचली आणि मग मला आठवलं. आदल्या वर्षी सरकारने युद्धापायी घड्याळं एक तास पुढे ढकलली होती. रेल्वेत हुकूम आला त्या दिवशी हेच घरी येऊन कुरकुरले होते, की आपली तासाभराची झोप गेली. वर्षभरात आम्ही ते विसरूनही गेलो. केबिनचं घड्याळ म्हणजेच वेळ, असं झालं होतं. आणि भटजींचं पंचांग जुन्याच वेळेवर चाललं होतं. केबिनमध्ये अडीच वाजले तेव्हा पंचांगात दीड वाजला होता. मी एक तास आधी बसले आणि एक तास आधी उठले. भर ग्रहणात अंघोळ केली, चूल पेटवली, चिरलं, खाल्लं, आणि मागल्या दारात जाऊन चंद्राकडे तोंड वर करून बघितलंही. काही म्हणजे काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

यांना सांगायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं. बत्ती त्यांनी दाखवली होती. माणूस मुका, आतल्या आत कुढणारा. जन्मभर स्वतःला खात बसला असता. आणि खोटं कशाला बोलू, भीतीही होती. उद्या मूल तसं झालं तर ते म्हणतील, चिरलंस कशाला, एक तास भूक मारता आली नाही.

पुढचे चार महिने मी कसे काढले ते मला आज आठवत नाही असं म्हणायला आवडेल, पण सगळं आठवतं. हे दिवसपाळीला असले की रात्री घरी असायचे, हातभर अंतरावर झोपलेले, आणि मी जागी. मी पोटावर हात ठेवून ओठ मोजायचे. दोन आहेत, दोन आहेत, असं म्हणायचे. काकडीचा वास आला तरी मळमळायचं. हे आधीच कमी बोलायचे, त्यात आणखी कमी बोलायला लागले. मला वाटायचं, माझ्याच चेहऱ्याला कंटाळले असतील. जेवताना ताटाकडे बघून जेवायचे. एकाच घरात दोन माणसं होतो आणि मला ती रिकाम्या क्वार्टरातली शेजारीण जास्त जवळची वाटायला लागली.

एकदा न राहवून ठाकरणीला विचारलं, तुझ्या पोरांच्या वेळी ग्रहण पाळलं होतंस का. तिची सात पोरं धडधाकट होती.

ती म्हणाली, "दिसभर रानात कंद खनायचा, रातीचं पडायचं. कवा लागलं न् कवा सुटलं, कोनाला ठावं."

मला थोडा धीर आला. मग रात्री तोही गेला. तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. तिला ठाऊक नसलेलं पाप लागलं नसेल. माझं लागेल.

बाळंतपणाला दहिवलीला गेले. मार्गशीर्षात मुलगी झाली. सुईण म्हणाली, पोरगी हाय. मी म्हटलं, तोंड दाखव. ती हसली, म्हणाली, कोनावर गेली ते मंग बघ, जरा दम खा. मी म्हटलं, आधी तोंड दाखव. तिने दिव्यापुढे धरली. मी बोटाने वरचा ओठ चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ते बोट तोंडात घालून टाळू चाचपली. तिने बोट चोखायला सुरुवात केली. सगळं सलग होतं, कुठे फट नव्हती. मी इतक्या मोठ्याने रडले की आई आत धावत आली, आणि मुलगी झाली म्हणून रडते असं समजून मलाच समजावत बसली.

बाराव्या दिवशी बारसं होतं. हे सकाळच्या गाडीने कर्जतला उतरून चालत आले. बायका स्वयंपाकात होत्या. मी खोलीत मुलीला घेऊन बसले होते. हे दारात आले, इकडे तिकडे बघितलं, आणि मुलीला हातात घेतलं. तिच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं आणि तिला खिडकीच्या उजेडाकडे नेलं. माझ्याकडे पाठ होती, पण मला कडेने दिसत होतं. त्यांनी तिचा वरचा ओठ बोटाने चाचपला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग बोट तोंडात घातलं आणि वरची बाजू चाचपली.

मी ते बघितलं. मी म्हटलं, "तुमी चंद्र बघितला होता त्या राती."

ते वळले नाहीत. मुलगी बोट चोखत होती, ते तसंच ठेवून उभे होते.

"हिरवा दाखवला," ते म्हणाले, "आनि घटकाभरात आभाळ फाटलं. मंग ध्यानात आलं, घड्याळ नवं न् पंचांग जुनं."

मी त्यांना सगळं सांगितलं. काकडीचं, मागल्या दाराचं. झोपले होते असं खोटं बोलले, तेही. ते ऐकत होते. आभाळ गच्च होतं असं ते का म्हणाले, हे मला आता विचारावं लागलं नाही. मी झोपले म्हटल्यावर त्यांनी मला घाबरवलं नाही, आणि त्यांनी बघितलं नाही असं समजून मी त्यांना. चार महिने.

मग मी विचारलं, काहीच का केलं नाही तेव्हा. सूर तक्रारीचाच होता, मी काही गोड बोलणारी बाई नाही.

"लाल दाखवला की," ते म्हणाले. "लगीच. ग्रहण सुटंस्तोवर हलवत हुतो. मधी दोन गाड्या गेल्या तेवढा वकुत झाकला. तू खिडकीत आलीच नाय."

लाल बत्ती अशी घरच्या कामाला हलवताना कुणी बघितलं असतं तर नोकरी गेली असती. हे मला त्यांनी सांगितलं नाही, ते मला सांधेवाल्याची बायको म्हणून माहीत होतं. त्यांना जागा सोडता येत नव्हती, ओढ्यापुढे हाक पोचत नव्हती. तेवढंच त्यांच्या हातात होतं आणि ते त्यांनी ग्रहण सुटेपर्यंत केलं.

मुलीचं लग्न झालं, तिला मुलं झाली. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. ग्रहण असलं की मी अंगणात खुर्ची टाकून बघते, कुणाला न विचारता. पण मोकळं आभाळ असलं तरी माझ्या डोळ्यांपुढे येते ती मागच्या खोलीची भिंत. त्या खिडकीपासून मी पाच पावलांवर होते. उठून तिचं दार उघडलं असतं तर समोर अंधारात माझ्यासाठी हलणारी बत्ती दिसली असती. पण जन्मात त्या एकाच खेपेला मी एका जागी गप्प बसून राहिले होते.